अकरा शाळांचा एकच डबा

त्या मंगळवारचा बाजार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तीसेक वर्षं अंगावर खाकी वागवली. खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. पण कुणी विचारलं की साहेब, तुमची झोप उडवणारा गुन्हा कोणता, तर मी शाळेच्या इंटरनेटचं प्रकरण सांगतो. ऐकणाऱ्याचं तोंड लगेच उतरतं. त्याला रक्त हवं असतं, आणि मी सांगतो डबा, दाखला, फोटो. तरीही सांगतो, कारण त्या प्रकरणात चूक करणाऱ्यांमध्ये मीही होतो.

नावं कुणाचीच देणार नाही. तालुक्याचंही नाही. लातूर जिल्ह्यातलं ठाणं होतं, अहमदपूरच्या स्टँडवरून जीपने तासाभरात पोचता येईल एवढ्या अंतरावर. मी तिथे पोलीस निरीक्षक होतो आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

एका सोमवारी सकाळी एक ग्रामपंचायत सदस्य ठाण्यात आला. पानटपरी चालवणारा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याच्या हातात माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा होता. तो त्याने माझ्या टेबलावर आपटलाच.

"साहेब, आमच्या शाळंत नेट हाय म्हणं. सरकार दर महिन्याला बिल भरून राहिलंय. आन् आमची लेकरं ऑनलाइन परीक्षेला टेकडीवर जाऊन बसली. हे बघा कागद."

प्रकरण सरळ होतं. खेड्यातल्या शाळांना इंटरनेट मिळावं म्हणून सरकारचं अनुदान होतं. नांदेडच्या एका ठेकेदाराला काम मिळालं होतं. प्रत्येक शाळेत त्याने वायफायचा डबा बसवायचा आणि दोन कागद सादर करायचे, की अनुदान त्याच्या खात्यात जमा. पहिला कागद म्हणजे मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा 'सेवा सुरू आहे' असा दाखला. दुसरा म्हणजे डबा भिंतीवर बसवल्याचा फोटो, ज्यावर जागा आणि वेळ आपोआप उमटते. असे अकरा शाळांचे कागद त्या गठ्ठ्यात होते. आमच्या माणसांनी दुपारपर्यंत अकराही शाळांत फोन केले. नेट एकाही शाळेत नव्हतं.

"मास्तरांनीच खाल्लंय साहेब. सही बघा की. आत टाका एकेकाला," असं म्हणून तो सदस्य गेला.

सही खरंच होती, शिक्काही होता. पोलिसाच्या डोक्याला सही लवकर पटते. सही केलेला माणूस समोर असतो, त्याला हात लावता येतो.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगतो. अकरा मुख्याध्यापकांपैकी पहिलं समजपत्र मी पाठवलं ते उर्दू शाळेच्या मुख्याध्यापकांना. शाळा गावातच आहे, ठाण्यापासून जवळ आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण गावात आणखी एक शाळा यादीत होती, तीही तेवढ्याच अंतरावर, आणि तिथल्या मुख्याध्यापकांना मी दुसऱ्या दिवशी बोलावणार होतो. हा क्रम मी का लावला, हे त्या वेळी मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

मंगळवार म्हणजे आमचा आठवडी बाजार. ठाण्याच्या फाटकासमोरूनच रस्ता बाजाराला जातो. सकाळी दहाला मुख्याध्यापक आले. सडसडीत अंगाचे, पांढरी दाढी नीट कातरलेली, हातात कापडी पिशवी. त्या महिन्याच्या शेवटी ते निवृत्त होणार होते. ठाणे अंमलदाराने त्यांना व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवलं, कारण चौकशीला आलेला माणूस तिथेच बसतो. बाकडं रस्त्यावरून स्वच्छ दिसतं. मी मुद्दामच त्यांना दुपारी दोनपर्यंत आत बोलावलं नाही. माणूस तासन्‌तास बसून राहिला की आतून सैल होतो, हे आमचं जुनं शास्त्र.

माझे हवालदार उदगीरकडचे, निवृत्तीला आलेले, माणसं वाचण्यात मुरलेले. ते दोनदा माझ्याकडे येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "साहेब, चोर बाकड्यावर बसला की सारखा फाटकाकडं बघतो. हे गुरुजी खाली बघून राहिलेत. रस्त्यानं जाणारा जो तो सलाम करून राहिलाय आन् हे मान वर करंनात."

"बघू द्या खाली," मी म्हटलं. मला त्या दिवशी घाई होती. जिल्ह्याहून वरिष्ठांचा फोन आला होता. प्रकरण वरपर्यंत गेलं होतं, शुक्रवारपर्यंत अटक दाखवा असं स्पष्ट सांगितलं होतं.

दोनला त्यांना आत घेतलं. मी दाखला पुढे सरकवला.

"सही कुणाची?"

"दस्तखत माझीच आहे साहेब. शिक्कापण आमच्या शाळेचाच."

"मग नेट कुठं आहे?"

"डबा आला होता. कंपनीचा माणूस घेऊन आला. भिंतीवर बसवला, फोटो काढला. मग म्हणाला, सेटिंग राहिलंय, ऑफिसात करून आणतो. काढून घेऊन गेला. मी आमच्या शाळांच्या केंद्राच्या मीटिंगमध्ये दोनदा विचारलं. येतंय येतंय म्हणाले."

"आणि तुम्ही लिहून दिलं की सेवा सुरू आहे?"

त्यांनी दाखला एकदा वाचला. मग म्हणाले, "दस्तखत माझी. वर लिहिलेलं माझं नाही."

मी टेबलावर हात आपटला. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. कोरा चेक देणारा हेच म्हणतो, जमिनीच्या कागदावर अंगठा देणाराही हेच म्हणतो. मी आवाज चढवला आणि म्हटलं की शुक्रवारी अटक होईल, दोन दिवसांपेक्षा जास्त कोठडीत राहिलात की निलंबन आपोआप होतं, आणि निवृत्तीच्या दिवशी कोर्टात केस उभी असली तर पेन्शन अडकतं. हे सगळं त्यांना माहीत होतं. ते फक्त पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिले. कोरा कागद सही करून का दिला, कुणाला दिला, हे मी दहा वेळा विचारलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं, "मी माझ्यापुरतं बोलतो साहेब. बाकीच्यांचं मला विचारू नका." मला तो उद्धटपणा वाटला. संध्याकाळी पाचला, बाजार पुरा भरलेला असताना, मी त्यांना जाऊ दिलं.

त्याच संध्याकाळी ठेकेदार स्वतः नांदेडहून आला. पांढरे कपडे, गोड जीभ, हातात पेढ्यांचा बॉक्स. बॉक्स मी परत केला. तो अजिबात खट्टू झाला नाही. "साहेब, तपासाला माझं पूर्ण सहकार्य. झेरॉक्सवर काय कळणार, म्हणून मूळ फाइलच घेऊन आलो. सगळे रंगीत फोटो आहेत. आमचं काम चोख असतं. सही मास्तरांची, शिक्का शाळेचा. त्यांनी डबे विकून खाल्ले असतील तर मी काय करू?"

फाइल ठेवून तो गेला. आपली फाइल कुणी नीट बघणार नाही याची त्याला खात्री होती. खरं सांगायचं तर मीही ती वरवरच चाळली. डबा पांढरा, त्यावर चार हिरवे दिवे, मागे शाळेची भिंत. अकरा फोटो, अकरा भिंती.

बुधवारी सकाळी मी आणि हवालदार शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शाळेत पंचनाम्याला गेलो. यादीतली चौथी शाळा. भिंतीला चार भोकं होती, डबा नव्हता. तिथल्या मुख्याध्यापकांनीही तीच गोष्ट सांगितली, आला आणि सेटिंगला घेऊन गेला. आता हे सगळे आपसात ठरवून बोलत आहेत असं माझ्या मनात पक्कं होत चाललं होतं.

पंचनामा लिहीपर्यंत ऊन चढलं. मी पाणी प्यायला मागच्या खोलीत गेलो. तिथे शाळेची खिचडी शिजवणाऱ्या मावशी तांदूळ निवडत होत्या. कोपऱ्यात नवा पाण्याचा फिल्टर होता आणि त्याच्या कपाळावर, म्हणजे नळाच्या वर, हळदी-कुंकवाची बोटं उमटलेली. शेजारी वजनकाटा, त्यालाही हळद-कुंकू. गॅसच्या शेगडीलाही.

"मावशी, सगळ्या वस्तूंची पूजा केलीय की तुम्ही."

"मग? नवी चीज आली की हळद-कुंकू लावावंच लागतंय. तेच्याबिगर म्या कुणाला हात लावू देत न्हाई." मग तांदळातला खडा बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "त्या नेटच्या डब्याला बी लावलं होतं. कंपनीचा तो बाप्या लई चिडला माझ्यावर. रुमालानं घासून राहिला. कुंकू गेलं. हळद कशी जाईल? पांढऱ्यावर लागलेली हळद सात धुण्यांत जात न्हाई."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता जीपमधून फाइल आणली.

आम्ही त्या खोलीतच, तांदळाच्या सुपाशेजारी अकरा फोटो तारखेप्रमाणे मांडले. पहिल्या तीन शाळांतला डबा स्वच्छ पांढरा. चौथी ही शाळा. तिथे तिसऱ्या आणि चौथ्या दिव्याच्या मधे एक तिरका पिवळा पट्टा होता, अंगठ्याएवढा. पाचव्या शाळेत तोच पट्टा. सहाव्या शाळेत तोच. सातवी उर्दू शाळा, आणि तिथेही तो पट्टा तिथेच, तसाच तिरका. अकराव्यापर्यंत सगळीकडे. झेरॉक्समध्ये तो नुसता धूसर काळपट ठिपका दिसत होता. शाईचा दोष म्हणून आम्ही सोडून दिला होता.

म्हणजे डबे अकरा नव्हतेच. एकच डबा गावोगाव फिरत होता. आणि आदल्या दिवशी दिवसभर बाकड्यावर बसवलेला माणूस अक्षर न्‌ अक्षर खरं बोलत होता.

मला शरम वाटली. हवालदार मात्र धोरणी. ते म्हणाले, "साहेब, फोटो म्हणजे फोटो. उद्या वकील म्हणंल, कागदाला डाग पडला. डबा हातात पाहिजे."

त्यांचं बरोबर होतं. मावशींचा जबाब घेतला. त्यांनी सही केली, ठळक, वळणदार. मग मी थेट उर्दू शाळेत गेलो. मुख्याध्यापक वर्गावर होते. मला दारात बघून मुलं उभी राहिली आणि गुरुजींच्या हातातला खडू थांबला. बाहेर आल्यावर मी विचारलं की हा डबा आता पुढे कुठे जाणार, हे कुणाला माहीत असेल?

काल मी त्यांच्यावर ओरडलो होतो. ते नाही म्हणाले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी खिशातून मोबाइल काढून केंद्राच्या ग्रुपवरचा निरोप दाखवला. गुरुवारी बारा वाजता बाराव्या शाळेत 'इंटरनेट जोडणीसाठी प्रतिनिधी येतील, मुख्याध्यापकांनी उपस्थित राहावे.' उद्याच.

"आणि कोरा कागद?" मी या वेळी हळू विचारलं.

"केंद्रावर सगळ्यांचेच असतात साहेब," ते म्हणाले. "सही-शिक्का मारलेली दोन-दोन लेटरहेडं. दुपारी तीनला मेसेज येतो, चारपर्यंत माहिती द्या. वीस किलोमीटरवरचा मास्तर कसा येणार? म्हणून ठेवून देतात. वर्षानुवर्षं चालू आहे. काल मी हे सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनाच बाकड्यावर आणून बसवलं असतं."

मी निरोपातली शाळा आणि वेळ वहीत उतरवून घेतली.

संध्याकाळी सातच्या सुमारास ठेकेदाराचा फोन आला. आवाज तसाच गोड. "साहेब, खिचडीवाल्या बाईचा जबाब घेतला म्हणे. तिला काय कळतं इंटरनेटातलं?"

बातमी त्याच्यापर्यंत गेली होती, आमच्याकडून की शाळेतून, देव जाणे. तो सावध झाला तर उद्या माणूस येणार नाही. डबा कुठल्यातरी तलावात जाईल, आणि शुक्रवारी मला अटक दाखवायची असेल तर हातात सहीवाले मास्तर तेवढे उरतील. मी हसलो. आयुष्यात एवढं खोटं हसलो नसेन. म्हटलं, "अहो, पोषण आहाराची तक्रार होती तिची, तांदळात अळ्या. तुमच्या कामाचं म्हणाल तर परवा उर्दू शाळेच्या मास्तरांना आत घेतोय. वरून आदेश आहे." तो "बरं बरं" म्हणाला. पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

गुरुवारी साडेदहालाच आम्ही बाराव्या शाळेत पोचलो. जीप आणली नाही, भाड्याच्या काळीपिवळी टॅक्सीतून साध्या कपड्यांत आलो. पंच म्हणून दोन सरकारी कर्मचारी सोबत होते. तिथल्या मुख्याध्यापिका घाबरल्या होत्या, पण शहाण्या होत्या. आम्हाला चौथीच्या वर्गात मागच्या बाकांवर बसवून त्यांनी मुलांना पाढे म्हणायला लावले, म्हणजे शाळा रोजच्यासारखी वाटावी. मुलं पाढे म्हणत मधूनमधून मागे वळून आमच्याकडे बघत होती.

बारा वाजले. कुणी आलं नाही. साडेबारा झाले. खिचडीची सुट्टी झाली, मुलं जेवून परत आली. एक वाजला. एका पंचाने घड्याळ दाखवलं, त्याला कार्यालयात परत जायचं होतं. मी त्याला थांबवून ठेवलं. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. माणूस आला नाही तर उद्या संध्याकाळी मला त्या गुरुजींना कोठडीत घालावं लागेल, खरं काय ते ठाऊक असूनही. वरिष्ठांना हळदीची गोष्ट सांगून ते थांबले असते का? मला नाही वाटत.

पावणेदोनला मोटारसायकलचा आवाज आला. हवालदारांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

कंपनीचा माणूस चाळिशीचा, थकलेला, पाठीवर बॅग. मुख्याध्यापिकेच्या खोलीत जाऊन त्याने ड्रिल काढलं, चार भोकं पाडली, डबा बसवला, वायर बॅटरीला जोडली, दिवे लागले. मोबाइलवर फोटो घेतला. आम्ही खिडकीच्या फटीतून बघत होतो. पण डब्यावर पिवळा पट्टा नव्हता. त्या जागी कंपनीच्या नावाचं कोरं करकरीत स्टिकर होतं.

पाच मिनिटांनी तो स्क्रू परत काढू लागला. "मॅडम, सेटिंग करून आणतो," असं म्हणेपर्यंत आम्ही दारात होतो.

त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मी ओळख सांगितली, पंच पुढे केले. मग पंचांसमक्ष हवालदारांनी नखाने स्टिकरचं टोक उचललं आणि हळूहळू सोललं. खाली तिसऱ्या आणि चौथ्या दिव्याच्या मधे तिरका पिवळा पट्टा होता. एक पंच नकळत म्हणाला, "अरे, हळद की ही."

तो माणूस खुर्चीत बसला आणि लगेच बोलू लागला. त्याच्यावर हात उगारण्याची वेळच आली नाही. अशा माणसांना कितीतरी दिवस कुणीतरी विचारावं असं वाटत असतं. म्हणाला, "काल संध्याकाळी मालकांचा फोन आला. डब्यावर काही डाग आहे का विचारलं. आहे म्हणालो, तर स्टिकर लाव म्हणाले. मला वाटलं रद्द करतील, पण महिनाअखेरीच्या बिलात ही शाळा घालायची होती. साहेब, डबा एकच दिला मला. फिरव म्हणाले, फिरवून राहिलो."

त्याच्या बॅगेची झडती घेतली. एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सहा लेटरहेडं निघाली. वर शाळेचं नाव, खाली सही आणि शिक्का, मधली जागा पूर्ण कोरी. केंद्रावरून 'बिलाच्या माहितीसाठी' म्हणून तो घेऊन यायचा, आणि मजकूर नांदेडच्या ऑफिसात टाइप व्हायचा. चौथा कागद उर्दू शाळेचा होता. मी तो हातात घेतला तेव्हा त्यांचं वाक्य आठवलं, दस्तखत माझी, वर लिहिलेलं माझं नाही. या कागदावर वर काहीच लिहिलेलं नव्हतं.

शुक्रवारी अटक झाली, ती ठेकेदाराची. त्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दाखल्याचा साचा सापडला. पुढे तपास वरच्या शाखेकडे गेला. अकराही मुख्याध्यापक आरोपींऐवजी साक्षीदार झाले. कोऱ्या सह्यांबद्दल खात्याने त्यांना ताकीद दिली, ती द्यायलाच हवी होती. वरिष्ठांनी फोनवर शाबासकी दिली. मी ती हवालदारांना सांगितली, ते म्हणाले, "मावशीला सांगा."

सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मग त्या बाप्याला सांगा, पुसू नको म्हणलं होतं म्या."

इथे प्रकरण संपायला हवं होतं. रविवारी मी उर्दू शाळेच्या मुख्याध्यापकांच्या घरी गेलो. माफी मागायलाच गेलो होतो, पण पोलिसाला माफी नीट मागता येत नाही. मी तपास कसा झाला तेच सांगत बसलो. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. मंगळवारी त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. शाळेत निरोपाचा कार्यक्रम कितीला आहे, मी विचारलं.

"नाही ठेवला," ते म्हणाले. "कमिटीवाले म्हणाले, सध्या नको. लोक बोलतात."

"पण आता तर सगळं स्पष्ट झालंय."

"तुमच्या कागदावर झालंय साहेब." ते रागावून बोलत नव्हते. "बाजाराच्या दिवशी सगळ्या तालुक्यानं मला बाकड्यावर बसलेलं बघितलं. उठलेलं कुणी बघितलं नाही. पस्तीस वर्षं शिकवलं. त्यांच्या बापांनाही मीच शिकवलंय."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

मंगळवारी सकाळी मी पूर्ण गणवेशात त्यांच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "चला गुरुजी, शाळेपर्यंत सोबत येतो. बाजारातून, पायी." ते नको म्हणाले. मी हटलो नाही. माझा विचार सोपा होता. ज्या रस्त्याने लोकांनी त्यांना ठाण्यात बघितलं, त्याच रस्त्याने निरीक्षकासोबत मानाने जाताना बघू दे.

मी मूर्ख होतो. भाजीच्या ओळीत शिरलो तसा आवाज खाली गेला. लोक बाजूला सरकले. मिरचीवाल्या बाईने शेजारणीला म्हटलेलं मला स्वच्छ ऐकू आलं, "मास्तरला परत धरलं गं." गुरुजींनाही ऐकू आलं. त्यांची चाल मंदावली आणि मान पुन्हा खाली गेली, अगदी त्या दिवशीसारखी.

तीस वर्षांत गणवेशाची मला लाज वाटली ती तेव्हा. खाकीतला माणूस शेजारी चालतो म्हणजे काय, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, मलाच ठाऊक नव्हतं. काय करावं सुचेना. मग मी टोपी काढून काखेत मारली आणि त्यांच्या हातातली कापडी पिशवी घेतली. ते सोडत नव्हते. मी म्हटलं, "द्या गुरुजी." आणि ती माझ्या हातात धरून त्यांच्या एक पाऊल मागे चालू लागलो.

पोलीस धरलेल्या माणसाच्या पिशवीची झडती घेतो, ती वाहत नाही. हेही बाजाराला ठाऊक होतं. मग टोपल्या विकणारा एक म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने सलाम केला. पुढे कटलरीवाला उठला, मग आणखी दोघे. गुरुजींनी मान वर केली आणि एकेकाच्या सलामाला उत्तर देत चालू लागले. ती मिरचीवाली बाई ओशाळून हसली. "मास्तर, रिटायर होऊन राहिला म्हणं आज?" तिने विचारलं. "हाव," ते म्हणाले, "आजच."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ज्या ज्या ठाण्यात होतो, तिथलं व्हरांड्यातलं बाकडं आधी मागच्या बाजूला हलवलं. चौकशीला आलेला माणूस आत, खुर्चीवर, हा माझा हुकूम असायचा. नवीन पोरांना वाटायचं, साहेब म्हातारे झाले. वाटू द्या. माणसाला संशयित करायला अर्धा दिवस पुरतो, ते पुसायला काय लागतं हे मला त्या बाजारात कळलं, आणि तरी पुरतं पुसता आलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्या दिवशी शाळेच्या फाटकात मी पिशवी गुरुजींना परत दिली. त्यांनी ती उघडून दाखवली. जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, आणि रुमालात घट्ट गुंडाळलेला शाळेचा शिक्का.

"त्या मंगळवारपासून रोज घरी घेऊन जात होतो," ते म्हणाले. "आज चार्ज देताना परत ठेवायचाय. सोबत आत येता का? आज कोऱ्या कागदावर नाही, वाचूनच सही करीन."

मी आत गेलो. त्यांनी चष्मा लावून चार्जची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मगच सही केली, आणि साक्षीदार म्हणून खाली माझी सही घेतली.